मागच्या खोलीची खिडकी

आमचं घर नगरच्या जुन्या पेठेत आहे. मागच्या खोलीला एकच खिडकी, आणि तीही माणसाच्या डोक्याच्या वर. लग्न होऊन आले तेव्हा ती गवंड्याने चुकून तिथे बसवली असेल असंच मला वाटलं होतं. माझे सासरे, अब्बा, त्याच खोलीत झोपतात. त्यांना दमा आहे.

गेल्या उन्हाळ्यात मागचे शेजारी आले. "भाभी, मुलाचं लग्न ठरतंय. परसात खोली काढतोय. तुमच्या खिडकीसमोर भिंत येईल, आधी सांगितलेलं बरं."

जागा त्यांची होती. मी म्हणाले, "डॉक्टरांनी अब्बांच्या खोलीत हवा खेळती ठेवायला सांगितलीय. भिंत जरा मागे घेता येईल का?"

अब्बा खाटेवरून म्हणाले, "बसा, चहा घ्या. ही खिडकी कशी झाली ते ऐका."

त्यांच्या आजोबांच्या लहानपणी प्लेग आला, तेव्हा सगळी गल्ली गावाबाहेर झोपड्यांत राहिली. साथ ओसरल्यावर लोक परतले, तर नगरपालिकेचा इन्स्पेक्टर घरं तपासत फिरत होता. अंधाऱ्या खोलीत राहायचं नाही, आधी खिडकी काढा, असं म्हणून त्याने भिंतीवर छातीच्या उंचीला कोळशाने खूण केली. आजोबांच्या आई पडद्याआडून बोलल्या, "उजेड पाहिजे ना साहेबांना? मग उजेड येऊ द्या. नजर कशाला?" इन्स्पेक्टरने खूण पुसून पार वर केली.

शेजारी हसले. "आमच्याकडंही तेव्हाच कौलांत काच बसवली म्हणतात." पण जाताना त्यांनी काही कबूल केलं नाही. नंतर त्यांचा मुलगा गल्लीत भेटला तरी मान वळवून जायचा. मलाही बरं वाटत नव्हतं. संसार मांडायच्या आधीच आम्ही त्याच्याकडे जागा मागत होतो.

एका सकाळी तोच आला. भिंत दोन हात मागे घेता येईल म्हणाला, पण मग न्हाणीच्या पाण्याला वाट राहत नव्हती. पाइप आमच्या बोळातून न्यावा लागणार होता.

माझ्या पतींचा चेहरा उतरला. "सांडपाणी आपल्या दारावरून?"

मी म्हणाले, "जमिनीतून न्या आणि चेंबरचं झाकण घट्ट बसवा. मग आमची हरकत नाही."

मग पती त्याला म्हणाले, "उतार नीट काढा म्हणजे झालं."

भिंत उभी राहिली. आता त्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो, पण मधल्या फटीतून हवा येते. अब्बांचा दमा कमी झाला नाही, वाढलाही नाही. शेजाऱ्यांची नवी सून आंघोळीला गेली की बोळातून पाणी वाहिल्याचा आवाज येतो, आणि अब्बा म्हणतात, "उठली पोरगी."