न पाहिलेलं अरागॉन

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातले प्रसन्न कर्णिक बारा वर्षं स्पेनमधल्या अरागॉन या जुन्या राज्याचा इतिहास वाचत होते, पण तिथे जाणं कधी जमलंच नव्हतं. तिथल्या मराठी मंडळात नवीन आलेली इला मात्र आठ दिवसांत अरागॉन बघून आली आणि तिनं फोटो दाखवले. उत्तरेला पिरेनीजचे डोंगर, मधून वाहणारी एब्रो नदी. लोक वाहवा करत होते आणि कर्णिकांच्या पोटात दुखत होतं.

"हे राज्य संपलं कसं?" कुणीतरी विचारलं. इला अडखळली. कर्णिकांना राहवेना.

"अरागॉनच्या फर्डिनंडनं शेजारच्या कॅस्टिल राज्याच्या इसाबेलाशी लग्न केलं आणि दोन्ही राज्यं जोडली गेली, तरी अरागॉनचे स्वतःचे कायदे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकले; ते रद्द झाले तेव्हा राज्य संपलं."

टाळ्या पडल्या.

"काका, तुम्ही तिथे कधी गेला होतात?" इलानं कौतुकानं विचारलं.

"गेलोच नाही," ते म्हणाले, आणि त्या टाळ्यांची गोडीच गेली.