घाम न येणाऱ्या मुलाचा उन्हाळा

वैशाखातल्या सोलापूरला स्वतःचा असा एक वास असतो. तापलेल्या मातीचा, रस्त्याकडेच्या करंजाच्या सुकल्या फुलांचा, आणि वारा गिरणीच्या बाजूने फिरला तर सुताला लावलेल्या खळीचा. सुहास झाल्यापासून तो वास नाकाशी आला की माझा हात नकळत त्याच्या कपाळाकडे जाई. त्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच तयार झालेल्या नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जावळ विरळ, दात दोनच, टोकदार. आणि अंग सदैव कोरडं, ऊन लागलं की दगडासारखं तापत जाणारं. ज्या घामाला आपण नावं ठेवतो तो मी देवाकडे मागत होते.

त्याचे पहिले तीन उन्हाळे शुक्रवार पेठेतल्या आमच्या अंधाऱ्या मधल्या खोलीत, ओल्या पडद्यांआड गेले. यांची नोकरी गिरणीत, विजेच्या यंत्रांवर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. खिडकीत बसवायचा एअरकंडिशनर ही बड्या साहेबांच्या कचेरीतली वस्तू. तसा एक जुना, मोडीत निघालेला एअरकंडिशनर यांनी मिळवला, दवाखान्याची मोडीत काढलेली रुग्णवाहिका घेऊन दुरुस्त केली, तिच्या खिडकीत तो बसवला, मागच्या दाराशी जनरेटर ठेवला, आत बिछाना, स्टोव्हसाठी फळी, खिडक्यांना जाड चादरींचे पडदे असं चाकांवरचं इवलंसं घर उभं केलं. होटगीच्या पलीकडच्या गावी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मुलाला घेऊन भर उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच घराबाहेर पडणार होते.

निघायचं होतं पहाटे. पण जनरेटर सुरू व्हायला रुसला आणि आम्ही शहराबाहेर पडलो तेव्हा ऊन रस्त्यावर उतरलेलं होतं. पुढे कडबा लादलेला ट्रक, त्याच्या मागे उडणारा पिवळा भुसा, आणि आत मात्र त्या यंत्राच्या घरघरीत श्रावणातल्यासारखा गारवा. सुहास माझ्या मांडीवर हसत होता. होटगीच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. रस्ता अडवून एक मालगाडी उभी होती आणि तिचं इंजिन बिघडल्याचं कुणीतरी सांगत गेलं. तिथेच, थोड्या वेळाने, यंत्रातून टक् असा आवाज आला आणि घरघर एकदम पातळ झाली.

"पंखा फिरतोय, म्हणजे वीज येतेय," हे म्हणाले. "कॉम्प्रेसर तापून बंद पडलाय. घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हणणाऱ्याच्या आवाजातली भीती बायकोला आधी कळते. यांनी जनरेटर पाहिला, आतली जाळी काढून झटकली, सगळं बंद करून गाडीला वळसा घालून बाहेर गेले. एअरकंडिशनरच्या पाठीवरच्या पत्र्याच्या बारीक पात्यांत भुसा आणि धूळ गच्च बसली होती. उष्णता बाहेर टाकायला वाटच उरली नव्हती. पातं न् पातं मोकळं करायचं, मग यंत्र निवेपर्यंत थांबायचं, एवढाच उपाय. पण पत्र्याची ती गाडी भट्टी होत चालली होती, आणि सुहास गप्प झाला होता. तो रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी त्याला उचलून फाटकाशेजारच्या खोलीकडे धावले. फाटकवाल्याची बायको दारात गवऱ्या रचत होती. तिने मुलाच्या पायाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"यव्वा! लई तापलंय की हे. हितं आणा, लिंबाखाली आणा."

"याला घाम येत नाही हो," मी कशीबशी म्हणाले. "सारखं ओलं ठेवावं लागतं."

तिने लगेच रांजणातून तांब्या भरून आणला. मी पदर भिजवून त्याच्या अंगाभोवती गुंडाळला, ती सुपाने वारा घालू लागली, आणि पदर वाळायला लागला की पुन्हा तांब्या. कडुलिंबाच्या विरळ सावलीतून उन्हाचे कवडसे त्याच्या लाल गालांवर हलत होते. मी त्याच्या ओठांकडे पाहत होते आणि माझ्या कपाळावरचा घाम त्याच्या छातीवर ठिबकत होता.

तेवढ्यात हे बादली घेऊन आले. हात काळे, चेहरा धुळीने माखलेला.

"पाणी हवंय. भुसा चिकटलाय, धुतल्याशिवाय निघणार नाही."

त्या बाईने रांजणात वाकून पाहिलं. "तळाला गेलंय. टँकर सांजला यील. एवढंच हाय."

यांचा सारा भरवसा त्या यंत्रावर होता. तीन उन्हाळ्यांची त्यांची धडपड त्यात होती. ते सुरू झालं तर मूल वाचणार, आणि सुरू झालं नाही तर पाणीही गेलेलं.

"कंगव्याने काढा," मी म्हणाले. "पाणी मी देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बादली तिथेच ठेवली आणि माझा कंगवा घेऊन परत गेले. कोरड्या पात्यांवरून फिरणाऱ्या कंगव्याचा करकर आवाज लिंबापर्यंत येत राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तांब्या रांजणाच्या तळाशी घासू लागला तेव्हा सुहासने डोळे उघडले, सुपाच्या वाऱ्याने हलणाऱ्या त्या बाईच्या बटांकडे टक लावून पाहिलं आणि तिची बट पकडायला हात पुढे केला. ती हसली. मला मात्र तेव्हाच रडू फुटलं.

नंतर केव्हातरी ती घरघर पुन्हा सुरू झाली. हे धावत आले, मुलाच्या अंगावर हात ठेवून तसेच खाली बसले. मालगाडी हलली, फाटक उघडलं. आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं. पण बहिणीने हळदीच्या हातांनी सुहासला उचललं आणि उशिराबद्दल मला काही बोलूच दिलं नाही.

त्या बाईला मी नाव विचारलं नाही, तिनेही विचारलं नाही. तिच्या घरात संध्याकाळपर्यंत प्यायला काय उरलं असेल, हे माझ्या ध्यानात गाडी रूळ ओलांडताना आलं. तोवर सुहाससाठी मी फक्त गार खोलीचा विचार करत आले होते. पण तो मोठा होणार, शाळेत जाणार, मी नसेन अशा रस्त्यांवर तापणार. तिथे त्याला कुणाच्या तरी रांजणातलं शेवटचं पाणी लागेल, आणि ती माणसं मला आधी शोधून, जमवून ठेवता येणार नाहीत. या जाणिवेने त्या दुपारी मला धीर आला की माझी भीती अधिकच पसरली, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.