पासमामांची फुंकणी

धूर तपासणीच्या केबिनमधल्या माणसाला अख्खा चौक पासमामा म्हणायचा, कारण बावीस वर्षांत त्यांच्याकडून एकही गाडी नापास होऊन गेली नव्हती. गाड्या चांगल्या होत्या असं कुणीच म्हणत नव्हतं. मशीनची नळी सायलेन्सरमध्ये चांगली वीतभर आत घालायची असते, मामा ती नुसती तोंडाशी टेकवायचे. मशीन बिचारं बाहेरचीच हवा मोजायचं आणि पास म्हणायचं. अलीकडे मात्र बाहेरच्या हवेवरसुद्धा ते जरा विचार करायला लागलं होतं.

मामांना दमा होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आकडे असलेली एक फुंकणी दिली. रोज सकाळी जीव खाऊन फुंकायचं, काटा थांबेल तो आकडा वहीत लिहायचा.

"महिन्याने बघते. चारशेच्या खाली असाल तर केबिन सोडायची."

 केबिनमध्ये मामांची खुर्ची होती, थर्मास होता, बावीस वर्षांच्या ओळखी होत्या. घरी नुसता टीव्ही, आणि रिमोट लेकीकडे.

काटा दोनशे दहावर थांबायचा. मामा तो बोटाने चारशेवर न्यायचे. एकदा लेकीने पकडलंच.

"बाबा, हे काय चाललंय?"

"ॲडजस्टमेंट."

"फुप्फुसांची?"

"काट्याची. फुप्फुसं येतात गं मागून."

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. तीस दिवस, तीस वेळा चारशे.

"वा! आता माझ्यासमोर फुंका."

दोनशे.

"परत घ्या," मामा म्हणाले, "गाडी अजून गरम झाली नाही."

एकशे नव्वद.

"नापास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध वाढवते, मास्क लावा. पंधरा दिवस देते. त्यात एकतर तुमच्या नाकासमोरचा धूर कमी करा, नाहीतर केबिन सोडा."

मामांनी सोबत आलेल्या लेकीकडे बघितलं. एरवी ती काहीतरी टोमणा मारायचीच. आज ती खिडकीबाहेर बघत होती आणि ओढणीने नाक पुसत होती. मामांना तेवढं मात्र बघवेना.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याचा टेम्पो नेहमीसारखा काळा ढग घेऊन आला. मामांनी मास्क चढवला, नळी उचलली आणि वीतभर आत घातली. मशीन घरघरलं. मग त्याने कागद दिला.

दूधवाल्याने तो दोनदा वाचला. "नापास? मामा, बरं नाही का तुम्हाला?"

"नाही ना," मामा म्हणाले.