मामाचा फोन एंगेज

माझा मामा टेलिफोन खात्यात लाइनमन होता. कुणाच्या घरी रिसीव्हर तिरका ठेवलेला दिसला, की तो घरच्यांची खरडपट्टी काढायचा. "अहो, तिकडे कुणाचा जीव टांगणीला लागला असेल!"

तो निवृत्त झाला आणि मुलगी जुना कॉम्प्युटर त्याच्याकडे टाकून परदेशी गेली. तिला बाळ झालं, तेव्हा फोटो ईमेलने येणार असं ठरलं. मामाने फोनची वायर काढून मॉडेमला जोडली. सहाव्या खेपेला किरकिरत, शिट्ट्या मारत इंटरनेट एकदाचं लागलं. फोटो वरून खाली बोटबोटभर उतरू लागला. लाइन तुटली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, म्हणून मामा खुर्चीवरून हललाच नाही.

त्याच दुपारी मी हॉस्पिटलमधून त्याला फोन लावत होतो. आई सारखी म्हणत होती, "दादाला बोलव." वीसदा लावला, वीसदा एंगेज. हा माणूस रिसीव्हर तिरका ठेवणार नाही. मग हा बोलतोय तरी कुणाशी इतका?

संध्याकाळी मी त्याच्या दारात उभा राहिलो, तेव्हा पडद्यावर बाळाचे डोळे नुकते दिसू लागले होते.

"आई गेली," मी म्हणालो. "दुपारभर तुला फोन लावत होतो."

मामाने मॉडेमच्या वायरीकडे पाहिलं.

"मी फोनपाशीच होतो रे."