चिडला तो हरला

माझी जीभ तिखट. मैंदर्गीच्या बाजारात माझं भुसार दुकान आहे, तिथं मी गिऱ्हाईकाशीसुद्धा भांडतो. राग फारच चढला की मराठी सोडून कानडीत शिरतो. पण सोलापुरात लेकीच्या सासरी पाय ठेवला, की माझी गोगलगाय होते.

लग्नाला आठ महिने झाले होते. एकदा बोलायला लागली की फोन ठेवायला तयार नसणारी पोर आता "बरं हाय अप्पा" एवढंच म्हणायची. बायको म्हणाली, "एकदा डोळ्यांनी बघून या. सुखात हाय का न्हाय, कळू दे तरी." म्हणून रविवारी शेंगांची पिशवी घेऊन गेलो.

संध्याकाळी चहा झाला आणि सगळे टीव्हीपुढं बसले. लेक तेवढी स्वयंपाकघराच्या दारात उभी. टीव्हीवर दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांची, एकमेकांच्या बायकांची, आईबापांची खिल्ली उडवतात आणि परीक्षक लोळून हसतात, असला तो कार्यक्रम. जाहिराती लागल्या की या घरातही तोच खेळ. जावयानं रिमोटचा माईक केला आणि मला म्हणाला, "मामा, आज तुम्ही परीक्षक. दहापैकी मार्क द्यायचे. नियम एकच, चिडला तो हरला."

सुरुवात त्यानं स्वतःच्या बायकोपासूनच केली. "लाईट गेली की हिला हसवावं लागतं. दात दिसले की कळतं, कुठं उभी आहे ते."

विहीणबाई म्हणाल्या, "हिची भाकरी कुत्रंसुद्धा हुंगून सोडून जातं हो!"

व्याही माझ्याकडं बघून म्हणाले, "भुसारवाल्याकडचा माल. पाखडून घ्यायचं राहिलं आमचं."

लेकही हसत होती. पण दर वेळी आधी नवऱ्याकडं बघून.

माझ्या डोक्यात नुसता जाळ. बाजारात कुणी असं बोललं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. हितं काय करणार? मी तोंड सोडून निघून जाणार आणि भोगणार ती. "मामा, मार्क?" मी म्हणालो, "आठ." आठ मार्क दिले मी! थू माझ्या तोंडावर.

"आता हिची पाळी," जावई म्हणाला. "अजून एकदाही जिंकली नाही. एकदा आईवर विनोद केला, तर आई दोन दिवस जेवली नाही. माझ्यावर केला, तर मीच चार दिवस बोललो नाही!" हे त्यानं हसतच सांगितलं.

लेक पुढं आली. रिमोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"आमचे अप्पा गावात वाघ," ती म्हणाली. "पण माझ्या पाठवणीला गायब! गाडी निघायची वेळ झाली, अप्पा कुठं? बघते तर आचाऱ्याच्या चुलीमागं, त्याचंच फडकं डोळ्याला लावून हमसून रडतायत. अन् फडक्याला तिखट! मग काय, अय्यो शिवने, मेलो मेलो, करत जे नाचले!"

डोळे चोळत तिनं नाचून दाखवलं. हुबेहूब मी. घर हसून हसून हललं. विहीणबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि हाताला धरून तिला सोफ्यावर शेजारी बसवलं.

मला वाटत होतं, तेव्हा मला कुणीच बघितलं नव्हतं. बायकोजवळही मी बोललो नव्हतो. पोरीनं बघितलं होतं, आणि आठ महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"मामा, मार्क?"

"दहा."

तिचा चेहरा खुलला. खोटं नव्हे, खरंच खुलला. जाहिराती अजून संपल्या नव्हत्या. जावयानं रिमोट परत घ्यायला हात पुढं केला. आता पुन्हा भाकरी, पुन्हा रंग, हे मला दिसलं.

"थांबा की जावईबापू," मी घाईघाईनं म्हणालो. "तिच्याकडं माझ्या अजून लई गमती हायत. सांग की गं पोरी, तुझ्या आईला बघायला गेलो तेव्हा मी कसा तोंडावर पडलो, ते सांग."