तिसरं रिडिंग

आमच्या गावंडे सरांनी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "उत्तर किती यायला पाह्यजे?" उपकरण अजून कपाटात कुलूपबंद, लॅबचे शिपाई तायडेकाका चाव्या शोधताहेत, आणि सर फळ्यावर खडूनं उत्तर लिहून मोकळे. मग ते खुर्चीत टेकायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "आता याच्यावरून रिडिंग काढा. खालून वर या. जिना चढता येते ना?"

बी.एस्सी.ची तीन वर्षं मी भौतिकशास्त्राचे प्रयोग असे खालून वर केले. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी, मी जानेफळकडच्या एका खेड्यातून एस.टी.नं येणारी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे प्रयोग असेच करतात अशी माझी समजूत झाली असेल, तर त्यात माझा दोष नाही. घरी विचारणार कोणाला? बाबा मार्केट यार्डात मापाडी, धान्य मोजणारे. त्यांना एवढंच माहीत की पोरगी सायन्सला आहे आणि तिचा पांढरा कोट रोज धुवायला लागतो. तो कोट तीन वर्षांत कशानंही मळला नाही, याचं आईला मात्र नवल वाटायचं.

सर आळशी होते असं कोणी म्हणेल. तसं नाही. खोटी रिडिंग बनवण्यात त्यांनी जेवढी मेहनत घेतली, तेवढ्यात खरे प्रयोग दोनदा करून झाले असते. त्यांचं त्यात एक शास्त्र होतं. "सगळे रिडिंग सरळ रेषेत आले तर परीक्षकाले शंका येते," ते समजावून सांगायचे. "निसर्ग एवढा गुणाचा नसते. म्हणून एक रिडिंग वाकडं ठेवायचं. पहिलं नाही, पहिल्यावर सगळ्यायची नजर जाते. शेवटचंही नाही. तिसरं वाकडं ठेवा." आम्ही चोवीस जणांनी मान डोलावली आणि चोवीस जर्नलांत तिसरं रिडिंग वाकडं केलं. आमच्याआधीच्या बॅचनंही केलं होतं, तिच्या आधीच्याही. आमच्या कॉलेजात निसर्ग कित्येक वर्षं दर वेळी तिसऱ्यालाच चुकत होता.

त्यांचं संशोधनही होतं, नाही असं नाही. लोणारच्या पाण्याच्या विद्युतवाहकतेवर त्यांचा एक पेपर छापून आला होता, नावात 'आंतरराष्ट्रीय' असलेल्या एका नियतकालिकात. त्याची कथा तायडेकाकांनी मला सांगितली. सरांनी त्यांना कॅन देऊन लोणारला पाठवलं. काकांनी इमानदारीनं सरोवराचं पाणी भरून आणलं, पण एस.टी.त कॅनचं झाकण सैल झालं आणि सगळं पाणी एका बाईच्या गाठोड्यावर सांडलं. त्या बाईनं काकांचा जो उद्धार केला, तो ऐकून परत लोणारला जायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी कॉलेजच्या नळाचं पाणी भरलं, त्यात दोन मुठी मीठ आणि मूठभर खायचा सोडा टाकला.

"सरायले सांगितलं का मग?" मी विचारलं.

"सांगितलं ना. म्हणे, तायडे, लोणारचं पाणी खारं असते का नसते? म्या म्हटलं, असते. म्हणे, हे खारं आहे का? म्हटलं, हाव. म्हणे, मंग भांडण काय आहे?"

त्या पेपरावर सरांची बढती झाली. स्टाफरूममध्ये हार घातलेला त्यांचा फोटो मी पाहिला आहे. मागे तो कॅनही दिसतो.

आता माझ्या परीक्षेकडे येते. शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल. लेखीत मी काठावर होते. प्रॅक्टिकलला चांगले मार्क पडले तर फर्स्ट क्लास, आणि फर्स्ट क्लास असेल तर एम.एस्सी.ला जागा मिळायची आशा. नाही पडले तर धाड गावचे पाहुणे लग्नाला तयार होते. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बाबांनी अख्ख्या मार्केट यार्डात सांगून ठेवलं होतं की पोरगी अजून शिकणार आहे. हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळे रोज विचारायचे, "काय म्हणते मास्तरीण?" बाबांची मान खाली जायला नको, एवढंच माझ्या डोक्यात.

बाहेरून परीक्षक म्हणून अमरावतीच्या एक मॅडम आल्या. वयानं तरुण, आवाज बारीक. सरांनी त्यांच्यासाठी कचोरी आणि चहा मागवला होता. मॅडमनी चहा तेवढा घेतला आणि जर्नलं मागितली. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांनी जे केलं ते आजवर कोणी केलं नव्हतं. पाच-सहा जर्नलं टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवली आणि एकाच प्रयोगाची पानं काढली.

एकेक रकाना वरून खाली वाचला. मग पेन्सिलीनं एकेका पानावर टिचकी मारत गेल्या. "तिसरं. तिसरं. इथंही तिसरं. सर, तुमच्या लॅबमध्ये तिसऱ्या रिडिंगच्या वेळी काय होतं? लाईट जाते का?"

सर हसले. तसे ते कोणत्याही प्रसंगात हसू शकायचे. "मॅडम, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे इकडे."

"हा प्रयोग भिंगाचा आहे," मॅडम म्हणाल्या.

तायडेकाका तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले.

मॅडमनी जर्नलं मिटली. "हे राहू द्या. प्रत्येकानं माझ्यासमोर साधा लोलक करून दाखवा. अकरावीतला. दोरा, गोळा, स्टॉपवॉच. वीस आंदोलनांचा वेळ मोजा आणि गुरुत्वाकर्षणाचं जी काढा. या मुलीपासून सुरू करू." ती मुलगी म्हणजे मी.

साधा लोलक मी जन्मात कधी हलवला नव्हता. त्याचं उत्तर मात्र पाठ होतं, नऊशे ऐंशी. मी एक मीटर दोरा मोजला, अगदी गोळ्याच्या मध्यापर्यंत. तेवढं पुस्तकात वाचलेलं होतं. गोळा सोडला, बटण दाबलं, मोजलं. अडतीस पूर्णांक एक सेकंद. गणित केलं तर उत्तर आलं एक हजार सत्याऐंशी.

पुन्हा केलं. एक हजार चौऱ्याऐंशी. तिसऱ्यांदा केलं, एक हजार एकोणनव्वद.

सर माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि ओठ न हलवता पुटपुटले, "इंगळे, चाळीस सेकंद लिही. खालून वर ये." मॅडम खिडकीपाशी दुसऱ्या मुलाकडे बघत होत्या. लिहिता आलं असतं. पेन कागदावर टेकलं होतं. पण मला त्या क्षणी राग आला होता, आणि तो सरांचा नव्हता, त्या गोळ्याचा होता. मी तीन वेळा नीट मोजलं होतं. मापाड्याची पोर आहे मी. मोजण्यात मला कोणी खोटं पाडावं हे मला चालणार नव्हतं.

"नाही सर," मी म्हटलं, जरा मोठ्यानंच. "एक हजार सत्याऐंशीच येऊन राह्यलं."

मॅडम वळल्या. सर्वांचे हात थांबले. सरांचा चेहरा उतरला. आता माझ्यामुळे सगळ्यांचंच बिंग फुटणार असं त्यांना वाटलं असेल. पण मग ते माझ्या वहीवर वाकले आणि तो आकडा पाहत राहिले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला. प्रयोगशाळेत तो डोळ्यांवर आलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"परत मोज," ते म्हणाले. "तोंडानं मोज. मले ऐकू आलं पाह्यजे."

मी गोळा सोडला, बटण दाबलं आणि मोजायला लागले, "लाभ, दोन, तीन, चार..."

"थांब!"

आमच्याकडे धान्य मोजताना एक म्हणत नाहीत. पहिलं माप पोत्यात पडलं की लाभ म्हणायचं, मग दोन. मी बाबांच्या शेजारी बसून मोजायला शिकले ते असंच. माझ्या जिभेला एक हा आकडा मोजणीच्या सुरुवातीला येतच नाही.

"अवं पोरी," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज भलताच बारीक झाला होता, "गोळा तं आत्ता सुटला. त्यानं अजून काय टाकलं तुह्या पोत्यात? तो जाऊन परत येईन तवा लाभ. आत्ता शून्य! तू एकोणीस मोजून वीस म्हणून राह्यली."

मी आधीची उत्तरं खोडली, बाजूला चुकीचं कारण लिहिलं आणि शून्यापासून मोजलं. चाळीस पूर्णांक एक. उत्तर आलं नऊशे ब्याऐंशी.

मॅडमनी माझ्या वहीतला खोडलेला भाग नीट वाचला, सरांना एकदा आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "चूक सापडली, ती कशी सापडली तेही कागदावर आहे. हिला मी मार्क देते. बाकीच्यांचं बघू." बाकीचेही पास झाले, कसे, ते मी लिहीत नाही. मला फर्स्ट क्लास मिळाला. बाबांनी यार्डात पेढे वाटले आणि लाभाची गोष्ट प्रत्येक अडत्याला स्वतः सांगितली, जणू शोध त्यांनीच लावला.

परीक्षा संपल्यावर मी कोट घ्यायला परत आले तेव्हा सर एकटेच लोलकापाशी बसले होते. मला बघून म्हणाले, "बी.एस्सी.ले असताना मलेही एक हजार नव्वद आलं होतं. आमच्या सरायनं वही फेकून मारली. म्हणे, गाढवा, नऊशे ऐंशी येते, आणून दाखव. म्या आणून दाखवलं." मग गोळ्याला बोटानं ढकलत म्हणाले, "तवा खळ्यावर मोजून मोजूनच शिकेल होतो मी. लाभ, दोन, तीन. कोणी विचारलं नाही, काऊन आलं म्हणून. म्याही नाही."

यानंतर सर बदलले असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. सर काडीचे बदलले नाहीत. पुढच्या बॅचला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मोजणी शून्यापासून करायची असते," आणि मग नेहमीसारखं फळ्यावर उत्तर लिहिलं. एकच फरक केला. तिसऱ्याऐवजी आता ज्याला जे वाटेल ते रिडिंग वाकडं ठेवायची मुभा दिली. निवृत्त होईपर्यंत त्यांचं तेच चाललं.

एम.एस्सी. करून मी बुलढाण्याला शिकवायला लागले. सर निवृत्तीनंतर गावी राहायला गेले होते. एकदा भेटायला गेले, तर ओसरीच्या तुळईला दोरा आणि दोऱ्याला एक जुनं पितळी कुलूप टांगलेलं. दोऱ्यावर निळ्या शाईच्या पाच खुणा. सरांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "पाहुणे आले की आधी कुलपाले धक्का द्या लागते, मंग च्या भेटते."

सरांनी वही पुढे केली. पाच लांब्या, प्रत्येकीची कितीतरी रिडिंग, तारखा टाकून. चार लांब्यांची उत्तरं छान जुळत होती. तिसरीचं उत्तर वाकडं. समोर लिहिलं होतं, 'खरंच आलं आहे.' खाली रेघ.

मला हसू आवरेना. "सर, माझ्यासमोरही?"

"हसशीन, मले माहीत होतं," ते म्हणाले. "तुही काकू हसते, तायडे येऊन हसून गेला. तीस वर्षं बनवलं तं पटलं सगळ्यायले. आता खरं आलं तं कोणी मानत नाही. तू मोज. मापाड्याची पोर आहे ना?"

मी मोजलं, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर, शून्यापासून. तीन वेळा. तिन्ही वेळा वाकडं आलं, त्यांच्याइतकंच.

"काऊन येते?" मी विचारलं.

"तेच तं शोधून राह्यलो," सर म्हणाले. एवढ्या आनंदात मी त्यांना बढतीच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. "मले वाटते तुळईचा दोष आहे. त्या लांबीले तुळई संगं हलत असन. पाहू."

सर मागच्या हिवाळ्यात गेले. कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांनी लोणारच्या पाण्यावरील मौलिक संशोधनाचा दोनदा उल्लेख केला. शेवटच्या रांगेत तायडेकाका मान खाली घालून बसले होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, सरांनी आयुष्यात एकच संशोधन केलं, ते ओसरीत कुलूप टांगून, आणि ते अर्धवट राहिलं. लोकांना ते आवडलं नाही. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

निघताना काकूंनी वही, कुलूप आणि गुंडाळलेला दोरा माझ्या पिशवीत टाकला.

मागच्या रविवारी मी ते माझ्या घरी टांगलं. आमच्या घराला तुळई नाही, सिमेंटचा स्लॅब आहे, त्यात पंख्यासाठी ठोकलेला लोखंडी हूक आहे. दोऱ्यावरच्या त्याच निळ्या खुणांवरून पाचही लांब्या घेतल्या. चार जुळल्या. तिसरी वाकडी आली.

तुळई नाही, सर. दोऱ्यात आहे.