बोटात अडकलेली संपत्ती

सोनं हा पैसा आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल आमच्या घरी माझ्या बोटावर लागला.

रविवारी बनशंकरीला सासुरवाडीत जेवायला गेलो होतो. माझ्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळुरातलं, कापडाचं दुकान, विश्वास फक्त सोन्यावर. मी पुण्याहून आलेला, बेळ्ळंदूरला नोकरी करणारा आणि (हेच नडलं) फोनवर नुकतीच डिजिटल नाणी घेतलेला.

"दाखवा तरी ते नाणं," अण्णा म्हणाले.

"ते दिसत नसतं, अण्णा."

"सरी, बरं. मग वाजवून कसं घेतलंत?"

सासूबाई पदराआड हसल्या. मी पेटलो. "सोनं म्हणजे नुसतं कपाट अडवणारी वस्तू. त्यानं रिक्षाचं भाडं देता येतं का?"

"तुमच्या नाण्यानं येतं?"

येत नव्हतं. मुद्दा संपला की आवाज चढवावा, हे आमचं पुणेरी शिक्षण. मी बोट नाचवत म्हणालो, "ही अंगठी आत्ता विकतो आणि त्याची डिजिटल नाणी घेऊन दाखवतो!"

सासूबाईंचं हसू मावळलं. कारण ती अंगठी लग्नात अण्णांनीच मला घातली होती, स्वतःची आटवून. (हे मला वाक्य संपल्यावर आठवलं.)

"काढ ना," माझी बायको वीणा गोड आवाजात म्हणाली. "बघू दे."

आता माघार कशी घेणार? ओढली. अंगठी ढिम्म हलेना. साबण लावला, खोबरेल झालं, सासूबाईंनी साजूक तूपही आणलं. शेवटी वीणानं माझं मनगट धरलं आणि अण्णांनी अंगठी. बोट आधी लाल झालं, मग वांग्यासारखं जांभळं.

"अहो, बोट जाईल त्यांचं," सासूबाई रडकुंडीला आल्या. माझीही पाचावर धारण बसली.

तशीच वरात गल्लीतल्या सोनाराकडे. त्यानं बोट बघून छोटी करवत काढली. "कापावी लागेल."

अण्णांचा चेहरा उतरला. मला इतकं वाईट वाटलं की म्हणालो, "राहू दे अण्णा, होईल बोट बरं."

"गप बसा," अण्णा म्हणाले. "सोनं कापलं तरी सोनंच राहतं. बोटाचं तसं नसतं." आणि सोनाराला मान हलवून खूण केली.

अंगठी निघाली, बोट वाचलं. निदान मजुरी तरी मी द्यावी म्हणून ऐटीत फोन काढला. आता माझा फोन उघडतो अंगठीच्याच बोटानं. (चोराला सुचू नये म्हणून ही माझी खास युक्ती.) सुजलेल्या, तुपाळलेल्या बोटाला फोननं साफ ओळख नाकारली. पासवर्ड आठवेना. म्हणजे सोनं सोनाराच्या ताटलीत, नाणी फोनच्या पोटात, आणि पैसा? तो अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात. त्यांनी चुरगळलेली नोट काढून दिली.

सोनारानं विचारलं, "नवीन करताना माप काय धरू?"

अण्णांनी माझ्याकडे वरपासून पाहायला सुरुवात केली आणि पट्ट्यापाशी थांबले. "स्वल्प सैलच करा. जावईबापूंच्या बाकीच्या गुंतवणुकीचं माहीत नाही, पण ही एक कायम वाढतीच आहे."

मी पोट आत ओढलं. लग्नानंतर त्या गुंतवणुकीत आलेली ती पहिलीच घसरण, आणि तीही श्वास सोडेपर्यंतच टिकली.